विश्लेषण : हॉटेलच्या वाय-फायवर टीव्ही स्टिक का चालत नाही? ती चालवायची कशी?

मोताळा : लग्नसराई असो, दिवाळीची सुट्टी असो की पुण्या-मुंबईच्या दवाखान्यातली तपासणी, मोताळा तालुक्यातून बाहेरगावी मुक्कामाला निघणाऱ्या कुटुंबांच्या बॅगेत आता चार्जरसोबत आणखी एक वस्तू दिसू लागली आहे. ती म्हणजे घरच्या टीव्हीमागून काढून घेतलेली स्ट्रीमिंग स्टिक. मलकापूरला रेल्वे पकडायची, रात्री हॉटेलवर पोहोचायचे, स्टिक टीव्हीला लावायची आणि मुलांना कार्टून किंवा मोठ्यांना सामना लावून द्यायचा, असा साधा बेत असतो. प्रत्यक्षात पडद्यावर संदेश येतो : ‘वाय-फाय जोडले आहे, पण इंटरनेट नाही.’ पासवर्ड बरोबर, सिग्नल पूर्ण, शेजारी ठेवलेल्या फोनवर त्याच वाय-फायवर व्हिडीओ सुरू. मग स्टिकलाच काय झाले? बहुतेक वेळा स्टिक बिघडलेली नसते. अडचण हॉटेलच्या वाय-फायच्या रचनेत असते आणि त्या रचनेमागे महाराष्ट्रातच घडलेल्या काही घटनांचाही वाटा आहे.

घरी चालणारी स्टिक हॉटेलमध्ये का अडते?

घरच्या वाय-फायला एकच कुलूप असते, ते म्हणजे पासवर्ड. तो एकदा टाकला की राउटर त्या उपकरणाला आत घेतो आणि पुढे काही विचारत नाही. मोठ्या हॉटेलांत मात्र दोन दरवाजे असतात. पहिला वाय-फायशी जोडण्याचा, तो बहुधा उघडाच असतो. दुसरा इंटरनेटवर बाहेर पडण्याचा. तिथे एक पान उघडते. त्यावर खोली क्रमांक, आडनाव किंवा मोबाईल नंबर भरावा लागतो आणि आलेला ओटीपी टाकावा लागतो.

पहिला दरवाजा यंत्र ओलांडू शकते. दुसऱ्या दरवाजावर माणूस हवा असतो. टीव्ही स्टिकला मोबाईल नंबर नाही, तिच्यावर एसएमएस येत नाही आणि काही जुन्या उपकरणांत हे पान दाखवणारा ब्राउझरही नसतो. म्हणून ती दोन दरवाजांच्या मध्ये अडकून पडते. ‘जोडले आहे, पण इंटरनेट नाही’ या संदेशाचा अर्थ एवढाच.

‘कॅप्टिव्ह पोर्टल’ म्हणजे काय?

या दुसऱ्या दरवाजाला तांत्रिक भाषेत ‘कॅप्टिव्ह पोर्टल’ म्हणतात. एखादे उपकरण वाय-फायला जोडले गेले की हॉटेलची यंत्रणा त्याला आतल्या वापरापुरता एक आयपी पत्ता देते. पण त्या उपकरणाने बाहेरची कोणतीही वेबसाइट मागितली, तरी यंत्रणा ती मागणी वाटेतच अडवते आणि त्याऐवजी स्वतःचे लॉगइनचे पान पुढे करते. ओटीपी बरोबर आला की यंत्रणा त्या उपकरणाचा ‘मॅक पत्ता’ आपल्या यादीत टिपून ठेवते आणि ठरावीक काळासाठी वाट मोकळी करते.

मॅक पत्ता म्हणजे प्रत्येक वाय-फाय उपकरणाची ओळख सांगणारा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक. गाडीच्या नंबरप्लेटसारखाच. टोलनाक्यावर पावती गाडीच्या नंबरवर फाटते, आत कोण बसले आहे त्यावर नाही. त्याचप्रमाणे हॉटेलची यंत्रणा परवानगी देते ती उपकरणाच्या क्रमांकाला. तुम्ही फोनवरून ओटीपी टाकला तर परवानगी फोनला मिळते, स्टिकला नाही. ‘फोनवर तर चालते’ ही तक्रार इथूनच सुरू होते.

फोनवर पान आपोआप उघडते, स्टिकवर का नाही?

फोन वाय-फायला जोडला गेला की तो लगेच एक छोटी चाचणी घेतो. अँड्रॉइड फोन गुगलच्या सर्व्हरकडे मुद्दाम एक रिकामे पान मागतो. उत्तरात ‘२०४’ हा संकेतांक आला, तर इंटरनेट मोकळे आहे असे तो समजतो. त्याऐवजी भलतेच पान आले, की वाटेत पोर्टल आहे हे त्याला कळते आणि ‘नेटवर्कमध्ये साइन इन करा’ अशी सूचना येते. आयफोनही अ‍ॅपलच्या सर्व्हरवरून ‘सक्सेस’ हा शब्द येतो का, हे याच पद्धतीने तपासतो.

टीव्हीच्या उपकरणांत ही सोय एकसारखी नाही. अ‍ॅमेझॉनच्या फायर टीव्ही स्टिकमध्ये लॉगइनचे पान दाखवणारा ब्राउझर आहे. गुगल टीव्हीवर चालणाऱ्या अनेक उपकरणांतही पान उघडते. अ‍ॅपल टीव्हीसाठी मार्च २०२२ मधील टीव्हीओएस १५.४ या आवृत्तीपासून जवळच्या आयफोन किंवा आयपॅडवरून लॉगइन करण्याची सोय आली. रिमोट नसलेल्या जुन्या क्रोमकास्टला मात्र असे पान दाखवताच येत नाही. कारण ते घरच्या साध्या वाय-फायसाठी बनवलेले उपकरण आहे.

आपल्याकडे ओटीपीचा एवढा आग्रह का?

परदेशातील अनेक हॉटेलांत अटी मान्य असल्याच्या एका बटणावर काम भागते. भारतात मोबाईल नंबर मागितला जातो. त्यामागे २००८ मधील घटनांची पार्श्वभूमी आहे.

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोटांची मालिका झाली. त्याच्या काही मिनिटे आधी माध्यमांना धमकीचा ई-मेल आला होता. तपास यंत्रणा ज्या इंटरनेट जोडणीपर्यंत पोहोचल्या, ती नवी मुंबईतील सानपाडा येथील एका फ्लॅटमधली निघाली. तिथे एक अमेरिकी नागरिक राहत होता. ई-मेल त्याने पाठवला नव्हता, तर त्याच्या वाय-फायचा दुसऱ्यांनी गैरवापर केला होता, असे तपासात पुढे आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये माटुंग्यातील एका महाविद्यालयाच्या वाय-फायवरून असाच ई-मेल गेला. १३ सप्टेंबरच्या दिल्ली स्फोटांच्या वेळी चेंबूरमधील एका कंपनीची जोडणी वापरली गेली.

तिन्ही वेळा जोडणी एकाची होती आणि वापर दुसऱ्याने केला होता. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये केंद्रीय दूरसंचार विभागाने इंटरनेट सेवा पुरवठादारांना सार्वजनिक वाय-फायबाबत सूचना दिल्या. वापरणारा कोण, याची नोंद ठेवायची. त्यासाठी ओळखपत्राची प्रत घ्यायची किंवा मोबाईलवर एसएमएसने पाठवलेल्या तपशिलाने खातरजमा करायची, असा त्यांचा गाभा होता. आज हॉटेल, विमानतळ आणि रेल्वे स्थानकांवर ‘रेलवायर’ वापरताना येणारा ओटीपी याच पद्धतीचा भाग आहे. त्यामुळे स्टिक अडते ती केवळ तांत्रिक त्रुटीमुळे नव्हे. या व्यवस्थेला वापरणाऱ्या माणसाची ओळख हवी असते, आणि स्टिककडे तीच नसते. पुढचे सगळे उपाय तुमची ओळख स्टिकपर्यंत पोहोचवण्याचेच आहेत.

पहिला उपाय : स्टिकवरच लॉगइन

सर्वात आधी हाच प्रयत्न करा. स्टिकच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्कवर जा आणि हॉटेलचे वाय-फाय निवडा. पोर्टलचे पान टीव्हीवर उघडले तर रिमोटने मोबाईल नंबर भरा. ओटीपी फोनवर येईल, तो टीव्हीवर टाका. परवानगी थेट स्टिकच्या मॅक पत्त्याला मिळेल.

पान उघडलेच नाही तर ते नेटवर्क ‘फर्गेट’ करून पुन्हा जोडा. फायर टीव्हीवर वाय-फायचे नाव निवडून प्ले-पॉज बटण दाबले की जोडणीची स्थिती दिसते. तेही न जमल्यास स्टिकमधला ब्राउझर उघडून ‘नेव्हरएसएसएल डॉट कॉम’ हा पत्ता इंग्रजीत सलग टाइप करा. ही वेबसाइट मुद्दाम एन्क्रिप्शनशिवाय ठेवलेली आहे. एन्क्रिप्शन असलेल्या वेबसाइटची मागणी अडवून तिथे दुसरे पान दाखवणे पोर्टलला सहजी जमत नाही. साध्या वेबसाइटवर जमते. स्टिकवर व्हीपीएन सुरू असेल तर लॉगइन होईपर्यंत बंद ठेवा. फोनवरही पान येत नसेल, तर ‘प्रायव्हेट डीएनएस’ची सेटिंग तपासा. तिथे विशिष्ट सर्व्हरचे नाव भरलेले असेल, तर पान अडू शकते.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. अनेक हॉटेलांत एका खोलीमागे दोन-चार उपकरणांचीच मर्यादा असते. घरातले सगळे फोन आधीच जोडलेले असतील तर स्टिकला जागा उरत नाही; एखादा फोन काढून बघा. शिवाय लॉगइनची मुदत अनेक ठिकाणी २४ तासांची असते. रात्री चाललेली स्टिक दुसऱ्या दिवशी थांबली तर ती बिघडली असे समजू नका, पुन्हा ओटीपी घ्या.

दुसरा उपाय : रिसेप्शनला मॅक पत्ता द्या

हा उपाय फारसा कोणी वापरत नाही, पण जुन्या उपकरणांसाठी तो उपयोगी आहे. स्टिकच्या सेटिंग्जमधील ‘अबाउट’ किंवा ‘नेटवर्क’ भागात मॅक पत्ता लिहिलेला असतो. तो कागदावर उतरवून किंवा त्याचा फोटो काढून रिसेप्शनवर द्या आणि ‘खोलीतल्या टीव्हीच्या उपकरणासाठी हा पत्ता यादीत घ्या’ असे सांगा. वाय-फायची व्यवस्था सांभाळणारा माणूस तो पत्ता थेट परवानगीच्या यादीत टाकू शकतो. मग पोर्टलची गरजच उरत नाही.

एक काळजी घ्या. अँड्रॉइड १० पासूनचे फोन, आयओएस १४ पासूनचे आयफोन आणि काही नवी टीव्ही उपकरणे ओळख लपवण्यासाठी खऱ्या मॅक पत्त्याऐवजी बनावट पत्ता दाखवतात. अशा वेळी त्या नेटवर्कसाठी ‘डिव्हाइस मॅक’ हा पर्याय निवडा, नाहीतर यादीत एक पत्ता आणि दारात दुसरा अशी गत होते.

तिसरा उपाय : फोनचा हॉटस्पॉट. पण डेटा किती जाईल?

हॉटस्पॉट म्हणजे घरच्यासारखेच एका कुलपाचे वाय-फाय. तिथे पोर्टल नाही, त्यामुळे कोणतीही स्टिक लगेच चालते. जुन्या, रिमोट नसलेल्या उपकरणासाठी एक युक्ती आहे. हॉटस्पॉटचे नाव आणि पासवर्ड हुबेहूब घरच्या वाय-फायसारखे ठेवा. उपकरणाला वाटते आपण घरीच आहोत आणि ते आपोआप जोडले जाते. आयफोनच्या हॉटस्पॉटवर जुने उपकरण दिसत नसेल तर ‘मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी’ हा पर्याय सुरू करा. त्याने हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर येतो.

खरा प्रश्न डेटाचा आहे. नेटफ्लिक्सच्या माहितीनुसार साध्या दर्जाच्या चित्रासाठी ताशी १ जीबीपर्यंत, एचडीसाठी ३ जीबीपर्यंत आणि फोर-केसाठी ७ जीबीपर्यंत डेटा लागतो. रोज २ जीबीचा प्लॅन असेल तर एचडीमध्ये तो ४० मिनिटांत संपू शकतो. म्हणजे साडेतीन तासांच्या क्रिकेट सामन्याला याच हिशेबाने १० जीबीच्या आसपास डेटा लागेल.

मर्यादा संपल्यावर बहुतेक प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. या वेगाने १ जीबी उतरवायला जवळपास ३५ तास लागतात. गावाबाहेर असताना यात खरा धोका आहे. दवाखान्यातून फोन येणार असेल, ऑनलाइन तिकीट काढायचे असेल, यूपीआयने पैसे द्यायचे असतील आणि दिवसाचा डेटा टीव्हीने संपवला असेल, तर अडचण करमणुकीपुरती राहत नाही. म्हणून हॉटस्पॉट वापरायचाच असेल तर अ‍ॅपमध्ये चित्राचा दर्जा आधी कमी करा आणि स्टिकवरचे आपोआप होणारे अपडेट बंद ठेवा. घरून निघण्याआधी घरच्या वाय-फायवर मुलांचे कार्यक्रम फोनमध्ये डाउनलोड करून ठेवणे सर्वात स्वस्त पडते.

चौथा उपाय : हॉटेलचेच वाय-फाय पुढे वाटायचे

काही अँड्रॉइड फोन जोडलेले वाय-फायच हॉटस्पॉटमधून पुढे देऊ शकतात. सेटिंग्जमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर ‘वाय-फाय शेअरिंग’ असा पर्याय असेल तर तो सुरू करा. फोनने ओटीपी टाकून दरवाजा ओलांडलेला असतो आणि स्टिक फोनच्या पाठीमागून आत जाते. मोबाईल डेटा खर्च होत नाही. आयफोनवर ही सोय नाही. तो हॉटस्पॉटमधून फक्त मोबाईल डेटा देतो. विंडोज १० किंवा ११ असलेल्या लॅपटॉपवर ‘मोबाईल हॉटस्पॉट’ या नावाने हीच सोय मिळते.

वारंवार प्रवास करणाऱ्यांसाठी खिशात मावणारा ट्रॅव्हल राउटर मिळतो. तो हॉटेलच्या वाय-फायला जोडायचा आणि आपली सगळी उपकरणे त्याला जोडायची. फोनवर पोर्टलचे पान उघडून एकदाच ओटीपी टाकला की हॉटेलच्या यंत्रणेला फक्त राउटरचा मॅक पत्ता दिसतो आणि त्याच्यामागची स्टिक, फोन, लॅपटॉप सगळे चालतात. मात्र वर्षातून एक-दोन मुक्कामांसाठी हा खर्च करण्याची गरज नाही.

स्टिक चालू झाली, तरी फोनवरून ‘कास्ट’ का होत नाही?

हा वेगळा अडथळा आहे. कास्ट करताना फोन त्याच नेटवर्कवरच्या टीव्ही उपकरणाला हाक मारतो. घरी ही हाक पोहोचते. हॉटेलमध्ये मात्र एका पाहुण्याच्या उपकरणाला दुसऱ्याचे उपकरण दिसू नये, अशी तटबंदी केलेली असते. तिला ‘क्लायंट आयसोलेशन’ म्हणतात. ती नसती तर शेजारच्या खोलीतला कोणीही तुमच्या टीव्हीवर हवे ते लावू शकला असता किंवा तुमच्या लॅपटॉपमधले फोल्डर चाळू शकला असता. म्हणजे इथेही हॉटेलची चूक नाही, ती तटबंदी तुमच्याच सोयीची आहे.

उपाय सोपा आहे. कास्ट करायचे सोडून स्टिकच्या रिमोटने थेट अ‍ॅप चालवा. म्हणूनच बॅग भरताना रिमोट आणि सेलची जास्तीची जोडी विसरू नका. रिमोट हरवल्यास फोनमधले रिमोट अ‍ॅपही याच तटबंदीमुळे हॉटेलच्या वाय-फायवर चालणार नाही. कास्ट करणे भागच असेल तर स्वतःचा ट्रॅव्हल राउटर किंवा लॅपटॉपचा हॉटस्पॉट हाच मार्ग.

वाय-फाय ठीक आहे, पण टीव्हीवर चित्रच नाही?

तीन गोष्टी तपासा. एक, वीज. टीव्हीच्या साध्या यूएसबी पोर्टमधून बहुधा ०.५ अँपिअर एवढाच प्रवाह मिळतो, तर स्टिकला साधारण १ अँपिअर लागतो. स्टिक सारखी बंद-चालू होत असेल तर तिचा स्वतःचा अ‍ॅडॉप्टर भिंतीवरच्या सॉकेटला लावा. दोन, सोर्स. हॉटेलच्या खोलीत बहुधा सेट-टॉप बॉक्सचाच रिमोट ठेवलेला असतो आणि त्यावर टीव्हीचा ‘सोर्स’ बदलण्याचे बटण नसते. टीव्हीचा मूळ रिमोट मागून घ्या. काही हॉटेलांत एचडीएमआय पोर्ट सेटिंगमधून बंद केलेले असतात. ते कर्मचारीच उघडून देऊ शकतात. तीन, जागा. भिंतीला चिकटवलेल्या टीव्हीमागे स्टिक बसत नसेल तर एचडीएमआयची छोटी जोडवायर लागते. स्टिकच्या खोक्यातली ती वायर घरीच राहिलेली असते.

सगळे सुरू होऊनही चित्र अडखळत असेल तर वेग मोजा. नेटफ्लिक्सच्या शिफारशीनुसार ७२०पी दर्जासाठी ३, १०८०पीसाठी ५ आणि फोर-केसाठी १५ एमबीपीएस वेग हवा. रात्री सगळ्या खोल्यांत एकाच वेळी व्हिडीओ सुरू झाले की वेग पडतो. अशा वेळी दर्जा कमी करणे हाच शहाणपणा.

‘हा टीव्ही तुमच्या घरातला नाही’ असा संदेश आला तर?

नेटफ्लिक्सने जुलै २०२३ पासून भारतात एका घराबाहेर पासवर्ड वाटण्यावर बंधने आणली. त्यामुळे प्रवासात हा संदेश येऊ शकतो. तिथे प्रवासात असल्याचा पर्याय निवडला की खात्याशी जोडलेल्या मोबाईलवर किंवा ई-मेलवर तात्पुरता कोड येतो. खाते मुलाच्या नावावर आणि मुलगा पुण्याला, अशी स्थिती अनेक घरांत असते. तो कोड मुलाच्या फोनवर जाईल आणि थोडाच वेळ चालेल, हे आधी माहीत असू द्या.

धोका कुठे आहे?

हॉटेलच्या पोर्टलवर टाकलेला ओटीपी म्हणजे तुमची सहीच आहे. त्या लॉगइनवरून जे काही होईल, त्याची नोंद तुमच्या मोबाईल नंबरावर राहते. शेजारच्या खोलीतला अनोळखी माणूस ‘माझ्या फोनला रेंज नाही, जरा तुमचा ओटीपी द्या’ म्हणाला तर नम्रपणे नकार द्या. सानपाड्याच्या प्रकरणाचा धडा हाच आहे. स्वतःचा हॉटस्पॉटही पासवर्डशिवाय उघडा ठेवू नका.

दुसरा धोका बनावट वाय-फायचा. हॉटेलच्या नावासारखेच नाव असलेले वाय-फाय कोणीही सुरू करू शकतो. नेमके नाव रिसेप्शनवर विचारून घ्या. वाय-फायच्या पानाने यूपीआय पिन, कार्डचा क्रमांक किंवा बँकेचा पासवर्ड मागितला, तर तिथेच थांबा. मोफत वाय-फायसाठी यापैकी कशाचीही गरज नसते. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

तिसरा धोका खोलीतल्या स्मार्ट टीव्हीचा. स्टिक चालली नाही म्हणून अनेक जण हॉटेलच्या टीव्हीवरच स्वतःचे खाते उघडतात आणि सकाळी घाईत तसेच निघून जातात. पुढच्या पाहुण्याला तुमचे नाव आणि तुम्ही काय पाहिले याची यादी दिसते. खात्यात कार्ड जोडलेले असेल आणि खरेदीला पिन नसेल, तर भाड्याने चित्रपटही घेता येतो. निघण्याआधी साइन आउट करा. विसरलात तर घरी आल्यावर अ‍ॅपच्या सेटिंग्जमधून सर्व उपकरणांवरून साइन आउट करण्याचा पर्याय वापरा. स्वतःची स्टिक नेण्याचा मोठा फायदा इथेच आहे : खाते तुमच्यासोबत परत येते. अर्थात, स्टिक टीव्हीमागेच विसरली नाही तर.

मोताळा, मलकापूरकडच्या छोट्या लॉजचे काय?

छोट्या लॉजमध्ये, मंगल कार्यालयांत आणि ढाब्यांवर बहुधा पोर्टल नसते. काउंटरवर पासवर्डची चिठ्ठी चिकटवलेली असते आणि स्टिक घरच्यासारखी लगेच चालते. पाहुण्यांसाठी हे सोयीचे आहे, पण मालकासाठी तेवढेच जोखमीचे. ती जोडणी त्याच्या नावावर असते. त्या वाय-फायवरून कोणी धमकीचा संदेश पाठवला किंवा आर्थिक फसवणूक केली, तर तपास आयपी पत्त्यावरून आधी जोडणीच्या मालकापर्यंतच येतो. मागाहून निर्दोष ठरले तरी चौकशीचा ताप चुकत नाही.

हे टाळायला मोठा खर्च लागत नाही. बहुतेक राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ची सोय असते. ते सुरू केले की पाहुण्यांचे वाय-फाय वेगळे होते आणि काउंटरवरचा बिलाचा संगणक व कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर त्यांच्या नजरेआड राहतो. पासवर्ड भिंतीवर चिकटवण्याऐवजी पाहुण्यांची ओळखपत्रासह नोंद झाल्यावर द्यावा आणि ठरावीक दिवसांनी बदलावा. पाहुण्यांना खरोखर सेवा म्हणून वाय-फाय द्यायचे असेल, तर आपल्या इंटरनेट पुरवठादाराकडे ओटीपीच्या पोर्टलची सोय आहे का, हे विचारावे. तसे पोर्टल बसवल्यावर पाहुण्यांची स्टिक अडेल. तेव्हा मॅक पत्ता यादीत कसा घ्यायचा हे काउंटरवरच्या माणसाला शिकवून ठेवले, तर रात्री उशिरा मुक्कामाला आलेल्या कुटुंबाचे काम दोन मिनिटांत होईल.